आधी स्कोअर, मग आत

केंट्रिज, साउथ डकोटा
१२ मार्च

प्रिय वर्डेलताई,

मी इथे नीट पोचलो. तुझा गुडघा कसा आहे? शाळेच्या स्वयंपाकघरात अजून उभ्यानेच वाढतेस, की त्या मुख्याध्यापिकेने तुला एकदाचं स्टूल दिलं? अलाबामात आता झाडांना पालवी फुटली असेल. इथे सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता माझी बोटं बधिर होतात.

पत्र पाहून तू म्हणशील, याच्या फोनला काय धाड भरली. फोन चांगला आहे. पण फोनवर तू मला दोन वाक्यं बोलू देत नाहीस, तिसऱ्याला ‘घरी कधी येतोस’ सुरू होतं. पत्रात तुला मला मध्येच अडवता येत नाही, म्हणून हा मार्ग काढला.

संघाचं नाव केंट्रिज थ्रेशर्स. छपराखालचं आपलं अमेरिकन फुटबॉल आहे हे. आइस हॉकीच्या रिंगणावर फळ्या टाकतात, फळ्यांवर हिरवा गालिचा, आणि मैदानाच्या कडेला रेघेऐवजी भिंत. खाली बर्फ तसाच असतो, ताई. आडवं पडलं की पाठीला गार लागतं. मी फिनलंडमध्ये चिखलात खेळलो, जर्मनीत सॉकरवाले त्यांच्या जाळ्या उचलून नेईपर्यंत ताटकळत थांबून खेळलो, पण बर्फाच्या डोक्यावर खेळायची ही पहिलीच वेळ. भिंतीला गादी लावली आहे म्हणतात. गादी कुठे आहे ते मी अजून शोधतोय.

आमचे कोच ड्वायर पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, “टॉलिव्हर, वय काय तुझं?”

मी म्हटलं, “कागदावरचं सांगू की गुडघ्यातलं?”

पोरं हसली. कोचही हसले. पण त्यांनी मला मधल्या जागी घेतलं, चेंडू घेऊन धडकणाऱ्याला छातीवर घ्यायला. ती जागा बाबांची. कागदाच्या गिरणीच्या संघात ते तिथेच खेळायचे, तुला आठवतच असेल.

खोलीत माझ्याबरोबर मार्लिन टिब्स आहे. अंगाने कपाटाएवढा, ओहायोचा, माझ्यासारखाच दहा गावचं पाणी प्यालेला. हायवेवरच्या मोटेलात राहतो आम्ही. सकाळी वॉफल फुकट मिळतात, आणि मार्लिन खातो ते बघून मालकीणबाई मशीनची तारच काढून ठेवते.

मार्लिनने मला एक विद्या शिकवली, ती सांगतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी डोक्याची परीक्षा असते. आमची ट्रेनर ग्वेन पाच शब्द वाचून दाखवते, मग उलटे आकडे म्हणायला लावते, एका पायावर उभं करते, आणि शेवटी विचारते, ते पाच शब्द सांग. पुढे कधी डोक्याला मार लागला की तीच परीक्षा परत. आधीपेक्षा कमी आठवलं तर बाहेर बसायचं.

मार्लिन म्हणाला, “अरे गाढवा, पाचही सांगू नकोस. तीन सांग. आता तीन सांगितलेस तर मार लागल्यावर तीनच सांगायचे असतात. आज हुशारी दाखवलीस तर जुलैत घरी बसशील.”

सगळे जुने खेळाडू हेच करतात. मीही केलं. खिडकी, लोणी, घोडा एवढं म्हणालो आणि डोकं खाजवलं. शिट्टी आणि दोरी गिळून टाकली. ग्वेनने माझ्याकडे असं पाहिलं की जणू तिला सगळं कळतंय, आणि कागदावर तीन लिहिलं. शाळेत मला एवढं चांगलं नाटक जमलं असतं तर तू माझ्यावर अभ्यासासाठी ओरडली नसतीस.

हा हंगाम शेवटचा. हसू नकोस. जुलैत येतो आणि दार वाजवतो. तू आतून ओरड, “आधी स्कोअर, मग आत.” बाबांना ओरडायचीस तशी.

तुझा धाकटा,
एझ्रा


केंट्रिज
१९ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि पिकनच्या दाण्यांच्या वड्यांचा डबा, दोन्ही मिळालं. डबा मार्लिनपासून लपवून गादीखाली ठेवला होता. मग कुठे ठेवला तेच मला आठवेना, आणि रात्री त्यावर झोपल्यावर सापडला. चुरा झाला, पण चव तीच.

आम्ही जिंकत आहोत. गावातले लोक दुकानात ओळखतात. परवा एका बाईने तिच्या टोपीवर माझी सही घेतली आणि वाचून म्हणाली, “अय्या, मला वाटलं तुम्ही दुसरे.” मी म्हटलं, मलाही कधी कधी तसंच वाटतं.

तुला इथल्या मैदानाची गंमत सांगायचीच राहिली. आइस हॉकीच्या रिंगणावर फळ्या टाकतात आणि वर गालिचा. खाली बर्फ तसाच. पडलं की पाठीला गार लागतं, खरंच सांगतो.

मागच्या शनिवारचा सामना फोनवर रेडिओ लावून ऐकला असशील तर काळजी करू नकोस. निवेदकाला तिखटमीठ लावायची सवय आहे. समोरच्या संघाचा चेंडू घेऊन पळणारा आणि मी एकदमच भिंतीला भिडलो, भिंत जिंकली, एवढंच. मी उठलो आणि आपल्या बाकावर जाऊन बसलो. फक्त ते बाक आपलं नव्हतं. मी त्यांच्या पोरांमध्ये जाऊन बसलो होतो, बाटली घेऊन पाणीसुद्धा प्यायलो. सगळं स्टेडियम हसत होतं. मार्लिन मैदान ओलांडून आला, माझ्या दंडाला धरून म्हणाला, “चला साहेब, पाहुणचार झाला.” आमचा संघ अजून त्यावरून मला छळतो. रोज कोणीतरी विचारतं, आज कुणाकडून खेळणार.

तुला आठवतं, बाबा एकदा शेजारच्या हॉब्जकाकूंच्या टेबलावर जाऊन बसले होते आणि मक्याचा ब्रेड मागत होते? काकूंनी वाढलासुद्धा. तेव्हा आपण किती हसलो होतो. हे तसलं काही नाही. मी धडकलो होतो, ते धडकले नव्हते.

सोमवारी ग्वेनने परीक्षा घेतली. तिच्याकडे कागद एकच आहे, तेच पाच शब्द. ठरल्याप्रमाणे तीन सांगितले, पास झालो. मार्लिनची विद्या फळाला आली. आणि तुझ्या मनात शंका नको, पाचही मला अजून तोंडपाठ आहेत. हे घे: खिडकी, लोणी, घोडा, घंटा, कुलूप. झालं समाधान?

इथे दिवे फार पांढरे आहेत. सरावाला मी टोपी डोळ्यांवर ओढून जातो. बाकी ठीक आहे.

गुडघ्याला तेल लाव. चर्चमध्ये माझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करून घेऊ नकोस, लोक चौकशा करतात.

तुझा,
एझ्रा


केंट्रिज
२६ जून

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा फार संताप आला. ते चुरगाळून टोपलीत टाकलं. मार्लिनने काढून, सरळ करून माझ्या उशीवर ठेवलं. त्याने वाचलं असावं, कारण त्या दिवशी त्याने माझी एकदाही थट्टा केली नाही.

तू माझी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवलीस. मार्चमध्ये शिट्टी आणि दोरी. मेमध्ये घंटा आणि कुलूप. आणि बर्फाची गोष्ट दोनदा, दुसऱ्यांदा नव्याने सांगतोय अशी. मी शाळेत असताना माझ्या वहीवर लाल पेन्सिल फिरवायचीस, अजून ती पेन्सिल सोडली नाहीस.

मी दिवसभर तुझ्याशी मनात भांडलो. घंटा काय आणि शिट्टी काय, दोन्ही वाजतातच ना. दोरीने बांधतात, कुलपाने बंद करतात, सारखंच. माणूस थकतो. तू स्वयंपाकघरात मीठ दोनदा घालत नाहीस कधी? मग संध्याकाळी मी पाचही शब्द तुझ्या पत्रात न बघता म्हणून पाहिले. मला घंटाच ऐकू येते, ताई. शिट्टी तू लिहिलीस म्हणून मी मानतो, पण ती मी कधी ऐकली होती असं वाटत नाही.

फोन का करत नाही, ते आता सांगतो. तुझ्या बडबडीचा काही संबंध नाही. फोनवर बोलताना शब्द मध्येच अडकतो, आणि तू थांबतेस. तू थांबलीस की मला कळतं तुला काय ऐकू येतंय. पत्रात मी पेन खाली ठेवू शकतो, खिडकीतून बघू शकतो, शब्द आला की लिहू शकतो. तुला वाटतं मी एका दमात लिहिलं.

तू बाबांचं लिहिलं नाहीस. एका अक्षराने नाही. त्यावरूनच कळलं की पत्र लिहिताना तुझ्यासमोर तेच होते. बाबा गिरणीचा सामना खेळून यायचे तेव्हा तू दार अडवायचीस, आधी स्कोअर, मग आत. ते चिडल्याचं सोंग करायचे, स्कोअर सांगायचे, तुला उचलून आत यायचे. आणि शेवटी शेवटी नुसते फिरून आले तरी बाहेरच्या पायरीवर बसून राहायचे. दार उघडं असायचं. तू म्हणायचीस, बाबा, आत या. ते म्हणायचे, थांब जरा, स्कोअर आठवतोय. तू त्यांना हाताला धरून आत आणायचीस, खोटा स्कोअर सांगून. मी त्या वर्षांत कुठे होतो? फिनलंडमध्ये, जर्मनीत, कॅनडाच्या संघांची दारं ठोठावत. सणाला फोन करायचो आणि तू म्हणायचीस, सगळं ठीक आहे, तू खेळ.

आता ऐक. उपांत्य सामन्यात मला परत लागलं. थोडंच. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो आहोत, माझ्या आयुष्यातला पहिला. कुठल्याही देशात, कुठल्याही लीगमध्ये, पहिला. ग्वेन गुरुवारी परीक्षा घेणार आहे. तुला राग येईल, पण तूच तुझ्या पत्रात पाचही शब्द नीट ओळीने लिहून पाठवले आहेस. मी ते पाठ करतोय. एकदा हा सामना झाला की घरी येईन, मग हवं त्या डॉक्टरकडे ने.

तू हे वाचेपर्यंत गुरुवार उलटलेला असेल. म्हणून सांगतोय.

एझ्रा


केंट्रिज
१५ जुलै

प्रिय ताई,

तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. मार्लिनने तुला काय सांगितलं ते त्याने मला सांगितलं. पण तो भला माणूस आहे, अर्धंच सांगतो. बाकीचं मी सांगतो.

गुरुवारी सकाळी मी आरशासमोर उभा राहून तुझे पाच शब्द म्हणत होतो. दाढी करताना म्हटले, वॉफल खाताना म्हटले. ग्वेनची खोली म्हणजे बर्फ सपाट करायचं यंत्र ठेवतात त्याच्या शेजारची. तिथे ग्रीसचा वास येतो. तिने शब्द वाचले, मी ऐकलेसुद्धा नाहीत, मला ते तुझ्या अक्षरात दिसत होते. उलटे आकडे झाले, एका पायावर उभं राहून झालं, थोडा झुकलो पण टेबल धरलं नाही. मग तिने विचारलं. मी ताठ बसलो आणि शाळेतल्या पोरासारखा खडाखडा म्हणून दाखवले. खिडकी, लोणी, घोडा, शिट्टी, दोरी.

ग्वेनने आकडा लिहिला. तिने कागद माझ्याकडे फिरवला.

“मार्चमध्ये तीन,” ती म्हणाली. “मेमध्ये तीन. आज पाच.”

मी हसलो. आपण फार भारी काम केलं असंच मला वाटत होतं.

ती म्हणाली, “एझ्रा, भिंतीवर डोकं आपटून कुणी हुशार झालेलं मी आजवर पाहिलेलं नाही.”

तेव्हा मला कळलं. ताई, मी पाठांतराच्या नादात तीनच सांगायचे हे विसरलो. मार्लिनने शिकवलेली सगळ्यात सोपी गोष्ट, आणि तीच गेली. मेमध्ये तीन सांगितले ते नाटक होतं असं मी तुला लिहिलं होतं. ते नाटक नव्हतं. मी पाचही सांगायला तोंड उघडलं होतं आणि तीनच बाहेर आले. नशिबाने आकडा जुळला, आणि मी स्वतःलाही सांगितलं की मुद्दामच केलं.

मग तिने कागद बाजूला ठेवला आणि मनाने नवे पाच शब्द सांगितले. हळू, एकेक करून. तेव्हा मार्लिन दारात येऊन उभा होता, त्याची पाळी पुढची होती. ग्वेनने मला माझ्या आईचं नाव विचारलं, या गावाचं नाव विचारलं, ते मी सांगितलं. मग म्हणाली, सांग आता. मी एकच सांगू शकलो. लिंबू. ती वाट बघत राहिली. पलीकडे ते बर्फाचं यंत्र कुणीतरी सुरू केलं आणि बंद केलं. मी परत म्हटलं, लिंबू. बाकीचे चार कोणते होते ते मला आजही माहीत नाही. मार्लिनला माहीत आहेत. तो दारातून ऐकत होता आणि त्याचे ओठ हलत होते, मला सांगावं म्हणून. आपल्या विद्येचं काय झालं ते बघायला त्यालाच उभं राहावं लागलं. नंतर पार्किंगमध्ये त्या एवढ्या मोठ्या माणसाने गाडीवर डोकं टेकलं आणि बराच वेळ वर केलं नाही.

ग्वेनने मला बाहेर बसवलं. कोच ड्वायर तिच्यावर ओरडले, तिने ऐकलं नाही. तिचा राग मला दोन दिवस होता. आता नाही.

अंतिम सामना मी प्रेक्षकांत बसून पाहिला, गावातल्या बायकांमध्ये, मांडीवर मक्याच्या लाह्यांचा डबा. दिवे सहन होत नव्हते म्हणून बराच वेळ डोळे मिटूनच होतो. आम्ही जिंकलो. पोरांनी मला खाली ओढलं, करंडक माझ्या हातात दिला, फोटो काढला. तो फोटो यासोबत पाठवतोय. त्यात मी हसतोय. स्कोअर काय होता ते मार्लिनने मला रात्री सांगितलं आणि सकाळी परत सांगितलं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. कोच ड्वायरांनी एक नंबर दिला आहे. ब्राझीलमध्ये एक क्लब आहे, त्यांचा हंगाम आता सुरू होतोय. त्यांना मधल्या जागी जुना अमेरिकन हवा आहे. परीक्षा वगैरे ते घेत नाहीत. मार्लिन म्हणाला, “घेतली तरी पोर्तुगीजमध्ये घेतील, कुणाला काय कळणार.” आणि मग तोच म्हणाला, “जाऊ नकोस.” मी हो सांगून टाकलं आहे. मंगळवारी निघतो.

घरी का येत नाही, तुझ्या डोक्यात हेच असेल. तुझ्यापासून लपवून काही उपयोग नाही, तू लाल पेन्सिल घेऊन बसली आहेस. मला घरी यायची भीती वाटते. खेळायची वाटत नाही, भिंतीची वाटत नाही. बाबांना उचलून उचलून तुझा गुडघा गेला. तुझं लग्न राहिलं, ते बाबांच्या आजारपणात त्या बाजूच्या खोलीत राहिलं, हे आपण कधी बोललो नाही. बाबांच्या त्याच पलंगाकडे मी माझे पाय घेऊन कसा येऊ? तिथे लांब कुठेतरी असलो तर तुझ्यासाठी मी अजून खेळतोय. तिथल्या सामन्यांचा रेडिओ तुझ्यापर्यंत पोचत नाही. तू लोकांना सांगू शकतेस, एझ्रा परदेशात आहे, बरा आहे.

हे असं मी परवापर्यंत पक्कं ठरवलं होतं. मग काल मोटेलातून दुकानात गेलो आणि परत आल्यावर आमच्या खोलीच्या दाराबाहेर उभा राहिलो. किल्ली माझ्या हातात होती. मी दार उघडलं नाही. मार्लिन आतून म्हणाला, “कोण?” मी म्हटलं, “थांब जरा.” तो म्हणाला, “कशासाठी?” आणि मला सांगता येईना. माझ्याच तोंडून बाबांचा आवाज आला होता, ताई. त्याने दार उघडलं तेव्हा मी दूध आणि ब्रेड घेऊन पायरीवर बसलेलो होतो.

तिकीट मी परत केलेलं नाही. मंगळवारी काय होईल ते मला ठाऊक नाही. विमानतळाकडे जाणारी आणि दक्षिणेला, तुझ्याकडे येणारी बस एकाच थांब्यावरून सुटतात, आणि मार्लिन म्हणतो तो मला सोडायला येईल, हाताला धरून बसवेल, पण कुठल्या बसमध्ये ते तोच ठरवणार. मी त्याला नाही म्हटलं नाही.

तेव्हा एवढंच. ब्राझीलहून पत्र आलं तर उत्तर लिही, आणि माझ्या चुका दाखवू नकोस. पण एखाद्या दिवशी दाराबाहेर पायरीवर कुणी बसलेलं दिसलं, तर स्कोअर विचारू नकोस, ताई. मला तो येत नसणार. तसाच आत घे.

तुझा धाकटा,
एझ्रा